काळ्याचे पांढरे

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या बऱ्याच तरुणांना म्हातारपण येतं. थंडी पडते, बाजारात हुरडा दिसू लागतो, शाळा-कॉलेजांची गॅदरिंगं सुरू होतात आणि एकोणीस-वीस वर्षांची धडधाकट पोरं संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एकाएकी सत्तरीची होतात. साडेनऊला पडदा पडतो, दहाला नळाखाली डोकं धरलं जातं आणि साडेदहाला हीच मंडळी चायनीजच्या गाडीवर ट्रिपल शेजवान मागवत असतात. इतकं अल्पमुदतीचं आणि इतकं बिनदुखण्याचं वार्धक्य वैद्यकशास्त्राला अजून साधलेलं नाही.

एकांकिका म्हटली की म्हातारा हवाच, असा आपल्याकडचा अलिखित दंडक आहे. त्याचं कारण सोपं आहे. एकांकिका लिहिणारा मुलगा वीस वर्षांचा असतो आणि आयुष्य, मृत्यू, मोडलेली घरं, परदेशी गेलेली मुलं या विषयांवर त्याला बरंच काही बोलायचं असतं. ते वीस वर्षांच्या पात्राच्या तोंडी घातलं तर प्रेक्षक म्हणतात, ‘‘याला काय कळतंय?’’ तेच वाक्य डोक्यावर पावडर टाकून म्हटलं की तिसऱ्या रांगेतल्या काकू पर्समधला रुमाल शोधू लागतात. वाक्य तेच, मुलगा तोच. फरक फक्त मूठभर टाल्कमचा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याहून जुनी. या दोन स्पर्धांत आजवर जेवढी पावडर उडाली असेल, तेवढ्या पावडरीत महाराष्ट्रातल्या बाळांच्या कैक पिढ्या घामोळ्यांपासून वाचल्या असत्या.

पावडर हे या विद्येतलं पहिलं पाऊल. स्वस्त, सुवासिक आणि घरात असतेच. तिचा दोष एवढाच, की ती डोक्यावर थांबत नाही. पहिल्या प्रवेशात आजोबा येतात तेव्हा पुरते ऐंशीचे असतात. मुलगा पाया पडतो, आजोबा वाकून आशीर्वाद देतात आणि थोडं वय मुलाच्या पाठीवर सांडतं. मग नातवाला पोटाशी धरतात, थोडं तिकडे जातं. शेवटच्या प्रवेशापर्यंत आजोबा पंचावन्नचे, मुलगा साठीचा आणि नातू निवृत्तीला टेकलेला, अशी वयाची रीतसर वाटणी झालेली असते. त्यात भांडणाचा प्रसंग असला आणि कुणी आजोबांना गदागदा हलवलं, तर डोक्यातून असा ढग उठतो की प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा दचकतो. धुराचं मशीन भाड्याने आणायला तर समितीने नकार दिला होता!

ऐन वेळी पावडर संपली की मैद्याचा डबा काढला जातो. मैदा पावडरपेक्षा चिवट असतो, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा अवगुण. खाली खोबरेल, वर मैदा, त्यावर हॅलोजनचे दिवे आणि मधून वाहणारा घाम. अर्ध्या तासात कपाळाच्या कडेने कणीक भिजायला लागते. रात्री घरी पोचल्यावर बाथरूमच्या दाराबाहेरून आई ओरडते, ‘‘अरे, गरम पाणी नको घेऊस! खळ होईल!’’ पण तोवर झालेली असते. काहीजण पीटीच्या कॅनव्हासच्या बुटांचं पांढरं पॉलिश वापरतात. त्याने रंग झकास बसतो. मात्र सुकल्यावर केसांची तार होते आणि आजोबांनी भावनेच्या भरात मान हलवली की खडखड आवाज येईल अशी भीती वाटते. टूथपेस्टचा पंथही आहे. दिसायला तीही बरी, पण मरणशय्येवरच्या वडिलांच्या उशाशी बसलेल्या मुलीला पुदिन्याचा घमघमाट सुटलेला असताना रडायचं असतं आणि त्यासाठी अभिनयाची वेगळी शाळा लागते.

गणेशोत्सवातल्या नाटकाचं संकट आणखी निराळं. मांडव उघडा, महिना भाद्रपद, वर मेनकापडाचं छत आणि त्यात नेमकं आजोबांच्या खुर्चीवर भोक. सर आली की आजोबांच्या टाळूवरून दुधी ओघळ निघतात आणि भर वाक्यात ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तरुण होत जातात. अशा वेळी मंडळाचा अध्यक्ष विंगेतून छत्री घेऊन येतो आणि नाटकात नसलेला एक प्रेमळ शेजारी जन्माला येतो.

आता यातला जाणकार काय करतो ते पाहिलं पाहिजे. मुरलेला रंगभूषाकार पेटी उघडतो तेव्हा त्यात मैदा नसतो. झिंकची पांढरी पूड असते, रंगांच्या वड्या असतात, हल्ली धुऊन जाणारे स्प्रे असतात आणि हमखास एक जुना टूथब्रश असतो. डोकं सरसकट रंगवायचं नाही, हे तो पहिल्या दिवशी शिकलेला असतो. कारण करडा केस असा सहसा नसतोच. बहुतेक केस आपापले काळे किंवा पांढरे असतात. दोन्ही मिसळले की लांबून करडे दिसतात. त्यातही पांढरा केस खरं तर रंगहीन असतो. त्याच्यातलं मेलॅनिन संपलेलं असतं आणि प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा भासतो. तेव्हा टूथब्रशने निवडक बटांवरून हलका हात फिरवायचा आणि मधले केस काळेच ठेवायचे, ही खरी युक्ती. हौशी माणूस सगळं डोकं एका रंगात बुडवतो आणि आजोबांऐवजी आजोबांचा पुतळा तयार होतो.

दुसरी अडचण आपल्या काळ्याभोर केसांची. काळ्यावर नुसता पांढरा दिला की तो निळसर दिसतो आणि निळ्या दिव्याखाली आजोबा थेट शवागारातून आल्याचा भास होतो. म्हणून जाणता माणूस पांढऱ्यात चिमूटभर पिवळा मिसळतो. तिसरी गोष्ट भूगोलाची. पुरुषांच्या डोक्यावर पांढरा बहुधा कानशिलांवरून शिरतो, मग वर सरकतो आणि मानेकडचा भाग सगळ्यांत शेवटी काबीज करतो. दाढीत तो हनुवटीवर आधी दिसतो. भुवया बऱ्याच उशिरा शरण येतात. हौशी मंडळी आरशात दिसतो तेवढाच भाग पांढरा करतात. त्यामुळे आजोबा समोरून पंच्याहत्तरचे असतात आणि ‘‘मी हे घर सोडून चाललो’’ म्हणून पाठ वळवली की एसवायबीकॉमचे.

शिवाय नाटकात केस पांढरे होण्याचा वेगही अचाट असतो. दहा मिनिटांच्या मध्यंतरात वीस वर्षं जातात. प्रेक्षक बटाटेवडा संपवून परत येतो तोवर नायकाच्या कानशिलांवर दोन पांढरे पट्टे आलेले असतात, म्हणजे मुलगी लग्नाची झाली. दुःखाने एका रात्रीत केस पांढरे होण्याची सोय लेखकांना फार आवडते. फ्रान्सच्या राणीचे, मारी आंत्वानेतचे केस १७९३ मध्ये मृत्युदंडाच्या आदल्या रात्रीत पांढरे झाले, ही आख्यायिका तर जगभर फिरते. प्रत्यक्षात केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतो आणि पांढरा रंग मुळातून येतो. खांद्यापर्यंत रुळणाऱ्या केसांच्या माणसाने संध्याकाळी दुःख सुरू केलं, तर त्याला दोन वर्षं तरी नेटाने ते चालू ठेवावं लागेल. अर्थात मुलगी पळून गेल्याचा दुसरा प्रवेश दोन वर्षांनी ठेवायला सभागृहाचे व्यवस्थापक तयार होणार नाहीत.

दाढीचा विषय स्वतंत्र आहे. केसांना पांढरं करता येतं, कारण ते मुळात असतात. दाढीची ही सोय एकोणिसाव्या वर्षी प्रत्येकाकडे नसते. मग औषधाच्या दुकानातून कापूस येतो. कापसाची दाढी लावलेला माणूस म्हातारा दिसत नाही, जखमी दिसतो. तरीही बालवाडीच्या वेशभूषा स्पर्धेत भीष्म, वाल्मीकी, विश्वामित्र आणि सांता क्लॉज यांच्या दाढ्या एकाच गुंडाळीतून निघतात. आषाढीला शाळेची दिंडी निघते तेव्हा एखाद्या छोट्या तुकोबालाही कापूस चिकटवला जातो. तुकाराम महाराज १६५० मध्ये वैकुंठाला गेले तेव्हा रूढ हिशेबाने जेमतेम बेचाळीस वर्षांचे होते. पण संत म्हणजे म्हातारा आणि म्हातारा म्हणजे कापूस, हे समीकरण पालकांच्या मनात पक्कं असतं. ज्ञानेश्वर माउली तेवढी घराघरांतल्या तसबिरींमुळे वाचली.

नाटकातली खरी खोटी दाढी, असं म्हणता येत असेल तर, क्रेपची असते. लोकरीची घट्ट वेणी मिळते. ती उलगडायची, ओली करून सरळ करायची, तुकडे कापायचे आणि स्पिरिट गमने हनुवटीच्या खालून सुरुवात करत थरावर थर देत वर जायचं. स्पिरिट गम म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. ती घामापुढे हळूहळू माघार घेते. त्यातही मिशीचा शत्रू घामापेक्षा मराठी वर्णमाला आहे. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटून उघडतात आणि दर वेळी मिशीचं एक टोक थोडं सुटतं. लेखकाने म्हाताऱ्याचं नाव बापूसाहेब ठेवलं असेल आणि त्याला स्वतःचं नाव अभिमानाने घ्यायची खोड असेल, तर मिशी पहिल्याच प्रवेशात लोंबू लागते. ती गळून पडलीच तर सगळा भार समोरच्या नटावर. प्रसंगावधानी असला तर तो शांतपणे म्हणतो, ‘‘बाबा, आता ते तेल बदला. केस गळायचं काही थांबेना.’’ टाळ्या पडतात. नाटक शोकांतिका होतं, हे दिग्दर्शकाखेरीज कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि प्रयोगानंतर खोबरेल न लावता जो उत्साहाने दाढी ओढून काढतो, त्याला वार्धक्यातल्या वेदना त्या संध्याकाळी पहिल्यांदा खरोखर कळतात.

डोक्यावर पूड उडवायची सगळ्यांत मोठी हौस मात्र युरोपने केली. अठराव्या शतकात तिकडच्या सरदार-दरकदारांचं वर्षभरच गॅदरिंग चालू होतं. टोपावर किंवा स्वतःच्या केसांवर स्टार्चची सुगंधी पूड मारून घ्यायची. त्यासाठी अंगावर झगा चढवायचा, तोंडावर कागदाचा शंकू धरायचा आणि नोकराने वरून पूड उडवायची. विशीतला उमराव आणि सत्तरीतला त्याचा आजोबा एकाच रंगाचे. आजोबांची मोठीच सोय झाली असणार; सगळेच पांढरे म्हटल्यावर कुणाचा खरा आणि कुणाचा डब्यातला, हे विचारायची सोय उरत नाही.

पुढे इंग्लंडला युद्धासाठी पैसा हवा होता. पंतप्रधान धाकट्या विल्यम पिटने १७९५ मध्ये या पुडीवर कर बसवला. वर्षाला एक गिनी भरायची, दाखला घ्यायचा आणि मगच डोकं पांढरं करायचं. राजघराणं वगळलं होतं. वर्षाला शंभर पौंडांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पाद्र्यांनाही सूट होती. दोनपेक्षा जास्त अविवाहित मुली असलेल्या बापाने दोघींचे पैसे भरले की भागत असे. म्हणजे तिसरीपासून म्हातारपण फुकट. जे गिनी भरत त्यांना लोक ‘गिनी पिग’ म्हणून चिडवू लागले. त्यात त्या वर्षी धान्याची टंचाई. पावाला पीठ नाही आणि साहेबांच्या डोक्यावर आहे, हे दृश्य रस्त्यात काही बरं दिसेना. बघता बघता पुडीची फॅशन ओसरली. कायदा मात्र १८६९ पर्यंत पुस्तकात होता. सरकारने म्हातारपणावर कर बसवला आणि प्रजा तरुण झाली, असं उदाहरण इतिहासात दुसरं नसावं.

एका ठिकाणी पांढरं टिकलं. १८२२ मध्ये लंडनच्या हम्फ्री रेव्हन्सक्रॉफ्टने पुडीची गरजच नसलेला, घोड्याच्या केसांचा टोप काढला आणि वकिलांनी तो डोक्यावर घेतला. इंग्लंडमधल्या दिवाणी न्यायालयांत २००८ पासून टोपाची सक्ती गेली, फौजदारीत तो अजून आहे. तिथे तिशीतला वकील आजही घोड्याचं पांढरं डोक्यावर घेऊन उभा राहतो आणि सगळं न्यायालय त्याचं गंभीरपणे ऐकून घेतं. आपला एकांकिकेचा वीस वर्षांचा लेखक आणि लंडनचं न्यायालय यांचं एका मुद्द्यावर एकमत आहे: म्हणणं काहीही असो, वर पांढरं हवं.

चित्रपटांनी तर या पांढऱ्यावर नातीच्या नाती उभी केली. ‘मदर इंडिया’ १९५७ मध्ये आला तेव्हा नर्गिस २८ वर्षांची होती आणि तिच्या मुलाचं काम करणारा सुनील दत्तही २८ चाच. आई मुलापेक्षा मोठी होती, पण फक्त पाच दिवसांनी. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं, तेव्हा मधलं पांढरं धुऊन झालेलं होतं. राखी १९७६ च्या ‘कभी कभी’त अमिताभची प्रेयसी होती आणि १९८२ च्या ‘शक्ती’त त्याची आई. वयाने ती त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. हिंदी सिनेमात नायकाच्या कानशिलांवर दोन पट्टे आले की तो रुबाबदार होतो. नायिकेच्या डोक्यावर तेवढेच पट्टे आले की ती शिवणयंत्रावर बसते. दूरदर्शनवर १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झालं आणि सगळा देश ज्यांना पितामह म्हणू लागला, ते मुकेश खन्ना होते तिशीतले. त्या दाढीकडे पाहून त्यांच्या दुप्पट वयाची माणसं रविवारी सकाळी टीव्हीसमोर हात जोडत असत.

पण ज्यांनी म्हातारपण खरोखर उभं केलं त्यांच्याकडे पाहिलं तर पांढऱ्या रंगाची पत लगेच घसरते. १९७० हे वर्ष घ्या. अमेरिकेत ‘लिटल बिग मॅन’मध्ये तिशीतल्या डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचं करण्यासाठी डिक स्मिथ या रंगभूषाकाराने रबराचे सुरकुतलेले तुकडे एकेक करून चेहऱ्यावर चढवले. त्याच वर्षी आपल्याकडे ‘नटसम्राट’ आलं. अप्पासाहेब बेलवलकर साकारणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते आणि मूळचे कान-नाक-घशाचे सर्जन. लोक पुढे वर्षानुवर्षं त्या नाटकाबद्दल बोलले ते आवाजाबद्दल, पावलांबद्दल, मोडून पडण्याबद्दल. टोप कसा बसला होता, हे कुणी सांगितलेलं ऐकिवात नाही. पुढे २०१६ मध्ये त्याच नाटकावर चित्रपट निघाला तेव्हा नाना पाटेकर पासष्टीचे झाले होते. त्यांना वयाची फारशी उसनवारी करावी लागली नसावी. ‘सारांश’मधले वृद्ध शिक्षक प्रधान आठवा. अनुपम खेर तेव्हा तिशीलाही पोचले नव्हते. तो शिक्षक ऑफिसच्या काउंटरसमोर मुलाच्या अस्थी मागतो, तेव्हा मिशी रंगवलेली आहे की खरी, हे पाहायचं भान कुणाला असतं?

दिलीप प्रभावळकरांची गोष्ट तर या बाबतीत न्यारी आहे. ‘हसवा फसवी’ नाटकात ते वयोवृद्ध कृष्णराव हेरंबकर झाले, २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत घराघरातले आबा झाले. म्हणजे त्यांनी म्हातारपण वेळेआधीच घेऊन ठेवलं होतं. खरं वय मागून धापा टाकत आलं तेव्हा त्याला करायला काही उरलं नव्हतं.

हौशी तालमीत नेमकं हेच अडतं. तिथला संवाद कुठल्याही गावात साधारण असाच ऐकू येतो.

‘‘खुर्चीत बस.’’

मुलगा धपकन बसतो.

‘‘हा म्हातारा नाही, हा दमलेला जवान आहे. म्हातारा आधी हाताने खुर्ची चाचपतो, मग बसतो. परत कर. आणि थरथरू नकोस एवढा. मोबाइल व्हायब्रेटवर आहे की काय?’’

‘‘सर, म्हातारे थरथरतात ना.’’

‘‘अरे, हात थरथरू नये म्हणून ते धडपडत असतात. ती धडपड दाखव. तुझे आजोबा कसे चालतात?’’

‘‘ते सकाळी फिरायला माझ्या पुढे असतात, सर.’’

‘‘मग तसं चाल.’’

‘‘पण मग म्हातारा वाटणार नाही ना.’’

मुलाचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. आज सत्तरीत असलेल्या माणसाचा जन्म १९५५ च्या आसपासचा. त्याने कॉलेजात बेलबॉटम घातलेली आहे, ‘शोले’ तिकीटबारीवर मारामारी करून पाहिलेला आहे. तो ट्रॅकपॅंट घालून जॉगर्स पार्कला जातो, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगसाठी भांडतो आणि नातवाला यूपीआयने खाऊचे पैसे पाठवतो. रंगमंचावरचा म्हातारा मात्र अजून धोतर नेसतो, अडकित्त्याने सुपारी कातरतो आणि गांधीजींना जवळून पाहिल्याची आठवण सांगतो. हिशेब केला तर तो आज नव्वदीच्या आसपास तरी असायला हवा. डोकं पांढरं करताना आपण त्याला वय देत नाही, जुनं देतो. खरे आजोबा पहिल्या रांगेत बसून हे पाहतात आणि शेजारच्या आजींना विचारतात, ‘‘आपल्यात असं कोण बोलतं गं?’’

मग हे पांढरं काम तरी काय करतं? ते घालणाऱ्यावर करतच नाही, बघणाऱ्यावर करतं. गॅदरिंगच्या दिवशी मैदा माखलेला मुलगा चहा प्यायला मैदानात येतो तेव्हा हा चमत्कार पाहावा. त्याला ओळखणारी, सकाळी त्याच्याच अटेंडन्सवरून भांडलेली स्वयंसेवक मुलगी नकळत खुर्ची पुढे सरकवते. वॉचमन त्याला पास विचारत नाही. सकाळपर्यंत ‘‘ए, सरक ना’’ म्हणणारा वर्गमित्र ‘‘या, आजोबा’’ म्हणतो. तोही गमतीत म्हणतो; पण वाट मात्र खरोखर सोडतो.

कुणी कुणी हे मुद्दाम करूनही पाहिलं आहे. गायक सोनू निगम २०१६ मध्ये म्हाताऱ्या भिकाऱ्याच्या वेशात पेटी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर बसला होता. ज्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढायला लोक रांगा लावतात, त्याच्या शेजारून बहुतेक जण सरळ निघून गेले. एका तरुणाने थांबून जेवलात का, असं विचारलं आणि हातात बारा रुपये ठेवले, हे त्याने नंतर सांगितलं. आवाज तोच होता. बदलली होती फक्त दाढी.

याहून चिवट प्रयोग पॅट्रिशिया मूर या अमेरिकन डिझायनरचा. वय २६. घरगुती वस्तूंची आखणी करताना म्हाताऱ्या माणसांचा विचार कुणी करत नाही, हे तिला खटकलं. १९७९ ते १९८२ या काळात ती ऐंशीपुढच्या बाईच्या वेशात अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून अधिक गावांत फिरली. पांढरा टोप आणि सुरकुत्या तर होत्याच. पण तिने कानात बोळे घातले, नीट दिसणार नाही असा चष्मा लावला, सांधे आखडतील अशा पट्ट्या बांधल्या. मग तिला कळलं, की पावलं चुकतात ती जिन्यामुळे, डबा उघडत नाही तो झाकणामुळे आणि दुकानातला माणूस आपल्याशी मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसा बोलतो तो केसांमुळे. काही जण दार उघडून धरत, काही जण आपण तिथे नाहीच असे वागत. पुढे सगळ्या वयांच्या माणसांना वापरता येतील अशा वस्तू घडवण्यात तिचं नाव झालं. वेशभूषेच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत उतरून बक्षिसाऐवजी कामाला लागलेली ही एकटीच.

बाकी आपला कल उलटा. जनरल स्टोअरमध्ये जिथे पांढऱ्या स्प्रेचा डबा ठेवलेला असतो, त्याच फळीवर काळ्या डायची पाकिटं लटकत असतात. डिसेंबरात एकाच काउंटरवर वीस वर्षांचा मुलगा पांढरं मागतो आणि साठीतला गृहस्थ आवाज खाली आणून काळं मागतो. दुकानदार दोघांनाही तितक्याच गांभीर्याने विचारतो, ‘‘छोटं देऊ की मोठं?’’ संगीत नाटकांनी ही गंमत फार पूर्वी पकडली होती. देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’त पंच्याहत्तरीचा भुजंगनाथ बोहल्यावर चढायला निघालेला आहे. तो करायला तरुण नट मिळाला की त्याने आधी डोकं पांढरं करायचं आणि मग आपण कसे अजून तरुण आहोत हे तोऱ्यात पटवायचं. जुलै २०१९ मध्ये फेसअॅपने आपल्या सगळ्यांनाच चार दिवस म्हातारं केलं, तेव्हाही हेच झालं. विशी-तिशीतल्यांनी आपले सुरकुतलेले फोटो हौसेने लावले. साठीपुढच्या काकांनी मात्र तेच अॅप उघडून त्यातलं तरुण करणारं बटण शोधलं.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर कुठल्याही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला जावं. अभिनयाचं पहिलं बक्षीस हमखास आजोबा करणाऱ्या मुलाला मिळतं. निकाल लगेच लागल्यामुळे त्याला डोकं धुवायला सवड मिळालेली नसते. तो धोतर सावरत, काठीसकट मंचावर येतो. समोर परीक्षक उभे. वय ६८, केस कुळकुळीत काळे, कपाळाच्या कडेला आदल्या दिवशीच्या डायची पुसट रेघ. मुलगा संस्कारी असल्यामुळे वाकून नमस्कार करतो, परीक्षक सवयीने ‘‘अहो, असू द्या, असू द्या’’ म्हणून जातात. फोटोग्राफर ओरडतो, ‘‘आजोबा, जरा इकडे बघा!’’ आणि दोघेही एकदम बघतात.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो छापून येतो. खाली ओळ असते: ‘ज्येष्ठ रंगकर्मींच्या हस्ते पारितोषिक स्वीकारताना विजेता विद्यार्थी (उजवीकडे)’. उजवीकडे परीक्षक असतात. मुलगा तो फोटो स्टेटसला ठेवतो. परीक्षक त्या दिवशीच्या पेपरच्या पाच प्रती घेतात. खुलासा पाठवायचं मात्र दोघांपैकी कुणाच्याही मनात येत नाही.